भरलेला आवाज

“ताई, डोळे मीट आणि ऐक. बघू नकोस काहीच.”

मी डोळे मिटले. कोल्हापूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ऑइल आणि रबर यांचा वास मिसळला होता. बाहेर कुणीतरी वडे तळत होतं. माझ्या साडीला डाग पडू नये म्हणून स्टुलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. माझ्यासमोर हृषीची लाल गाडी उभी होती. दोनच माणसांची गाडी, आणि बसताना आपण खुर्चीत नाही, परातीत बसतोय असं वाटणारी.

“दे रे,” गॅरेजचा मालक बंटी म्हणाला, आणि हृषीने पाय दाबला.

सगळं शेड थरथरलं. वरच्या पत्र्यावरून दोन कबुतरं उडाल्याचं मी डोळे मिटूनही ऐकलं. आवाज वर चढला, हृषीने पाय काढला, आणि उतरताना मागून फटाक्यांची माळ लागावी तसं फाट-फाट-फाट झालं.

“नाद खुळा!” बंटी ओरडला. “काय ताई? कसं काय?”

“फाटतोय,” मी म्हटलं.

“म्हंजी?”

“खाली बरा आहे. वर चढायला लागला की शिवण उसवते. एखादा बुवा नमनालाच सगळा गळा लावतो आणि पुढे आख्यानात नुसता खरडत राहतो ना, तसं होतंय.”

बंटी हसला. गळ्यात चेन, बोटात पोवळ्याची अंगठी, वयाने हृषीहूनही लहान. “अवो ताई, गिऱ्हाईक त्या फाटन्यासाठीच येतंय हितं! हे फटाकं वाजलं न्हाईत तर म्हागनं गाडी आली हे कुनाला कळंल का?”

“मग मला कशाला बसवलंय?” मी डोळे उघडून विचारलं.

हृषी खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “बंटी, ताई म्हणेल ते. दुसरा सायलेन्सर लाव.”

दुसरा डबा बसेपर्यंत मी चहा घेत बाहेर बसले. हृषी शेजारी येऊन टेकला, कानाच्या पाळीशी चाळा करत. लहानपणापासून मनात काही असलं की हेच.

सायलेन्सर निवडायला थोरल्या बहिणीला गडहिंग्लजहून कोल्हापूरला कोण आणतं? पण हृषीचं दुखणं वेगळं होतं. त्याचा काजूचा कारखाना नुकताच चालायला लागला होता आणि त्याने बेळगावातून ही जुनी गाडी घेतली होती. रविवारी आंबोलीच्या रस्त्याला अशाच गाडीवाल्यांचा मेळा जमायचा. तिथे हृषी पहिल्यांदा गेला तेव्हा त्याच्या गाडीचा आवाज ऐकून सगळे हसले. “हेरेकर, रॉकेलचा डबा बांधलास काय मागं?” असं कुणी म्हणालं, आणि तोही त्यांच्याबरोबर हसला. घरी येऊन मात्र त्याने मला विचारलं होतं, “ताई, खरं सांग, काय चुकीचं होतं त्या आवाजात? मला काही कळलं नाही.”

त्याला खरंच कळलं नव्हतं. हृषीला सूर ऐकू येत नसे. बहिरा नव्हता तो. शेजारच्या खोलीतलं कुजबुजणं त्याला कळायचं. पण वरचा कुठला आणि खालचा कुठला, लागलेला कुठला आणि सरकलेला कुठला, हे त्याला कळत नसे. आणि तो दिगंबरबुवा हेरेकरांचा मुलगा होता.

आबा आमच्या राममंदिरात जन्माचं कीर्तन करायचे. त्यांच्या आधी आजोबा, त्यांच्या आधी पणजोबा. रामनवमीला सकाळी गादीवर उभं राहायचं आणि आख्यान असं बांधत न्यायचं की बरोबर माध्यान्हीला देव जन्माला यावा, गुलाल उडावा, पाळणा हलावा. एरवी कीर्तन मागेपुढे झालं तर चालतं, पण जन्माला उशीर चालत नाही आणि घाईही चालत नाही. मी लहानपणापासून त्या गुलालात वाढले. शाळेत गाणं शिकवून पोट भरत होते, पण जीव सगळा कीर्तनात; आबांच्या मागे पेटीवर मीच बसायचे. आबा उभे राहिले आणि झांज पहिल्यांदा वाजली की माझ्या अंगावर काटा यायचा, आजही येतो.

त्या वर्षी माघात आबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. राहिली नुसती फुंकर. डॉक्टरांनी सांगितलं, कीर्तन विसरा. आबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि त्या फुंकरीनेच म्हणाले, “दोघांना सारखंच शिकवलंय. हृषीकडे बोलणं आहे, पाठांतर आहे. कुमुदकडे सूर आहे. गादी बाई-पुरुष बघत नाही, मीही बघणार नाही. पाडव्याला सांगेन कोण ते.”

नंतर मला एकटीला म्हणाले, “त्याला कान असता तर प्रश्नच नव्हता गं.”

म्हणजे मीच. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण मला कळलं. तेव्हापासून मी पहाटे उठून माझ्या पट्टीत जन्माचं आख्यान बांधायला लागले. मला त्या गादीवर उभं राहायचं होतं. एवढंच हवं होतं मला. आयुष्यात दुसरं काही इतकं मागितलं नव्हतं.

चहाचा कप खाली ठेवत हृषी म्हणाला, “ताई, मला ते कीर्तन नकोय. खरंच. मी उभा राहतो तेव्हा आबा माझ्याकडे बघत नाहीत, जमिनीकडे बघतात. पाडव्याला मीच सांगून टाकतो त्यांना, ताईला उभं करा म्हणून.”

“सांगशील?”

“देवाशप्पथ. तू फक्त आज मला लाज वाटणार नाही असा आवाज काढून दे.”

“अरे, मी काय गाडीतली?”

“तू कानातली आहेस.” मी हसले. असा होता तो. त्याच्यावर रागवावं असं फार वेळ वाटायचं नाही.

दुसरा डबा छान चकचकीत होता. उभ्या गाडीत आवाजही बरा वाटला. मी म्हटलं, “आत बसून रस्त्याला जाऊन येऊ.” बंटीने माझ्याकडे पहिल्यांदा जरा नीट बघितलं. पुलापर्यंत गेलो. काचा वर केल्या, गाडी एका वेगावर ठेवली, आणि डोक्यात भुंगा शिरला. घूं-घूं-घूं, एकसारखं, दातांपर्यंत.

“हा नको,” मी म्हटलं. “बाहेरच्याला गोड आणि आतल्याला शिक्षा.”

“मला तर पहिल्यासारखाच वाटला,” हृषी म्हणाला.

“पहिल्यासारखा? हृषी, पहिला फाटत होता, हा घुमतोय!”

“मला सगळे सारखेच गं, ताई.” तो हसत म्हणाला खरा, पण डोळे रस्त्यावरच ठेवून.

परत आल्यावर मी शेडच्या कोपऱ्यात पडलेला एक लांबट, साधा डबा बघितला. “तो कुठला?”

“त्यो?” बंटीने नाक मुरडलं. “त्यो रिटायर लोकांचा हाय. कोन घेत न्हाई. आवाजच न्हाई त्येला.”

“लाव तो.”

“ताई, तुमचं आपलं…” पण लावला.

मी पुन्हा डोळे मिटले. हृषीला म्हटलं, “एकदम दाबू नकोस. हळूहळू चढव. पायरी-पायरीने.”

गाडी सुरू झाली आणि माझ्या पोटात काहीतरी बसल्यासारखं झालं. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की ती आधी कानाला लागत नाही, छातीला लागते, तसं. आवाज चढत गेला. कुठे शिवण उसवेना. वर पोचला तरी खालचा आवाज त्याच्या खाली उभाच होता, जसा चांगल्या बुवाच्या तारसप्तकाखाली त्याचा खर्ज उभा असतो. हृषीने पाय काढला. आवाज खाली आला आणि बसला. शेपूट नाही, फटाके नाहीत.

कामावरची माणसंही क्षणभर थांबली.

“हाच,” मी म्हटलं.

बंटी डोकं खाजवत म्हणाला, “हां… बसून ऐकलं तर चांगला हाय की. पर लोकं वळून बघनार न्हाईत, सांगून ठिवतो.”

“मोठा आवाज माणसाला वळून बघायला लावतो,” मी म्हटलं, “भरलेला आवाज त्याला जागच्या जागी थांबवतो. तुझी माणसं बघ.”

हृषीने एकदा माणसांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा कौतुक वाटलं.

परतताना निपाणीच्या पुढे त्याने मला विचारलं, “आता कसा लागतोय? सांग ना.”

आंधळ्याला देवळाची मूर्ती सांगावी तसं मी त्याला सांगत गेले. आता खाली आहे, गुळगुळीत. आता चढणीला लागलास, बघ, आवाज रुंद होतोय पण उंच होत नाही. आता पाय काढलास, पडला नाही, उतरला.

“मेळ्यात विचारतील मला, हाच का घेतलास. काय सांगू?”

“सांग, चढताना फाटत नाही, उतरताना शेपूट सोडत नाही. आत बसलेल्याला घुमत नाही. आणि वरच्या आवाजाखाली खालचा उभा राहतो.”

“वरच्या आवाजाखाली खालचा उभा राहतो,” तो म्हणाला. “अजून?”

“मोठा नको, भरलेला हवा.”

एकदा ऐकलं की संपलं, असं पाठांतर होतं त्याचं. संकेश्वर येईपर्यंत तो हे इतक्या सहज म्हणायला लागला की मलाच हसू आलं. “बघ, आता तू माझ्यापेक्षा जाणकार वाटतोयस.”

“मग काय!” तो म्हणाला, आणि उगाचच गाडी पळवली.

पाडव्याला गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, आणि गाडीची पूजा करायची म्हणून हृषीने ती दारात आणून उभी केली. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, गळ्याला मफलर. मी आरतीचं तबक घेऊन उभी. आज हृषी सांगणार होता. सकाळपासून मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, की उगीच त्याला घाई वाटू नये.

नारळ फुटला. “सुरू कर,” मी म्हटलं.

गाडी सुरू झाली. आत माजघरात खुंटीवर तंबोरा टांगलेला होता. आवाज घरात शिरला आणि तंबोऱ्याची खर्जाची तार आपणहून किंचित गुणगुणली. एवढंसंच. मी ऐकलं. आणि मी बघितलं, आबांनीही ऐकलं.

त्यांनी हात वर केला. “थांब,” ती फुंकर म्हणाली. “परत.”

हृषीने परत केली.

“चढव. हळू.”

हृषीने हळू चढवली, मी शिकवलं होतं तशी, पायरी-पायरीने. आबांनी डोळे मिटले. ऑपरेशननंतर त्यांच्या तोंडावर असं काही मी बघितलं नव्हतं. गाडी बंद झाली तरी त्यांची मान जरा वेळ डोलत राहिली.

“कुणी निवडला हा आवाज?”

हृषीने माझ्याकडे बघितलं. मी हसले. आता माझं नाव घेईल, मग तेवढ्याच ओघात पुढचंही बोलून टाकेल, असं मला वाटलं.

“मी,” हृषी म्हणाला.

“तू?” आबा पुढे वाकले. “आणि हाच का? बाजारात सगळी पोरं फटाके घेतात.”

हृषीने कानाच्या पाळीला हात लावला. आणि मग ते आलंच, अडखळण नाही, थांबणं नाही. “चढताना फाटत नाही, आबा. उतरताना शेपूट सोडत नाही. आत बसलेल्याला घुमत नाही. आणि वरच्या आवाजाखाली खालचा उभा राहतो. मला मोठा नको होता, भरलेला हवा होता.”

आबा उठले. काठी न घेता, अनवाणी ओट्यावरून उतरले. त्यांनी हृषीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि छातीशी ओढलं.

“मला वाटायचं, तुला कान नाही,” ते म्हणाले. त्या फुंकरीतही रडणं कळत होतं. “तीस वर्षं मला वाटायचं, देवाने या घरात एवढंच कमी दिलं. आणि हा बसला होता झाकून! अरे, पोथी पाठ करता येते, हे नाही येत पाठ करता. रामनवमीला तू उभा राहा.”

“आबा, ताई…” हृषी म्हणाला.

“ताई पेटीवर आहे की,” आबा म्हणाले.

तबकातला कापूर विझला होता. मी तो पुन्हा पेटवला आणि गाडीला ओवाळलं.

दुपारी मी श्रीखंड ताटात वाढत होते तेव्हा हृषी स्वयंपाकघरात आला. दाराला टेकून उभा राहिला.

“माझ्या तोंडून निघून गेलं गं, ताई.”

“ठीक आहे. आता जाऊन खरं ते सांग.”

तो हलला नाही. “त्यांनी असं धरलं मला… तू बघितलंस ना? असं कधी धरलं होतं?”

“हृषी, जा.”

“उद्या सांगतो. आज सणाचं…”

“तू देवाची शपथ घेतली होतीस.”

“उद्या,” तो म्हणाला, आणि श्रीखंडाची वाटी उचलून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तो पहाटे कारखान्यात गेला. तिसऱ्या दिवशी तबलजी तालमीला येऊन बसले. मी वाट बघणं सोडलं आणि संध्याकाळी आबांना हळदीचं दूध द्यायला गेले, तेव्हा सरळ म्हटलं, “आबा, तो आवाज मी निवडला होता. कोल्हापूरला मी गेले होते त्याच्याबरोबर.”

आबांनी दुधाचा पेला बाजूला ठेवला. रागावले असते तरी चाललं असतं मला. ते मायेने हसले.

“गेली होतीस, माहिती आहे. त्याने सांगितलं, ताईला सोबत नेलं होतं म्हणून.”

“सोबत नाही. त्याला ओळखता येत नव्हतं. ते शब्दही माझेच आहेत.”

“कुमुद,” ते म्हणाले, “तुझं मन मला कळतं. तुला उभं राहायचं होतं. मीही मनात तुझंच नाव धरलं होतं, खोटं कशाला बोलू. पण भाऊ पुढे आला की बहिणीने मागून सूर द्यावा. मत्सर घेऊन कीर्तनात बसलं तर पेटीसुद्धा बोलत नाही.”

मी पेला उचलून परत त्यांच्या हातात दिला. “दूध गार होतंय,” म्हटलं. ज्या माणसाच्या कानावर मी जन्मभर विश्वास ठेवला, त्याला माझं बोलणं बेसूर लागलं होतं.

रामनवमीला देऊळ भरलं होतं. पुढे आबा, अंगावर शालजोडी. गादीवर हृषी, पागोटं, उपरणं, कपाळाला गंध. फार देखणा दिसत होता. मागे उजवीकडे तबला, डावीकडे मी, पेटी घेऊन. आबांची पट्टी काळी एक. मी ती धरली आणि भाता हलवला.

नमन मी सांभाळलं. तो जिथे सरकायचा तिथे मी दोन बोटं जास्त दाबायची, पेटी जरा पुढे काढायची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात पेटीचा सूर जायचा आणि त्याचे शब्द त्यावर बसायचे. शाळेतल्या मुलींच्या समूहगानात वर्षानुवर्षं हेच केलं होतं. बोलायला लागला की मात्र हृषी हृषीच होता. पूर्वरंगात भक्ती कशी असावी ते सांगताना तो थांबला, झांज बाजूला ठेवली आणि म्हणाला, “मंडळी, मी परवा गाडीला सायलेन्सर घेतला.”

देऊळ हसलं.

“दुकानदार म्हणाला, मोठा आवाज घ्या, लोक वळून बघतील. मी म्हटलं, बाबा रे, मोठा आवाज माणसाला वळून बघायला लावतो, भरलेला आवाज त्याला जागच्या जागी थांबवतो! भक्ती अशी असावी. चढताना फाटू नये, उतरताना शेपूट सोडू नये…”

पुढचं मला ऐकू आलं नाही, टाळ्यांत बुडालं. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून माना हलवत होती. “वा, बुवा!” कुणीतरी म्हणालं. त्याला पहिल्यांदा कुणी बुवा म्हणालं ते माझ्या वाक्यावर.

पूर्वरंग संपला. कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, आणि लहानथोर सगळे त्याच्या पाया पडतात. त्या गादीवर असेपर्यंत तो कुणाचा मुलगा नसतो, भाऊ नसतो. आधी आबा उठले. मुलापुढे वाकले, कपाळ त्याच्या पायांना टेकवलं, आणि उठताना त्यांना उठवेना. दोघांनी धरून बसवलं. मग सगळे. शेवटी मी पेटीमागून उठले आणि वाकले.

“रागावू नकोस, ताई,” तो ओठ न हलवता म्हणाला.

“सूर सोडू नकोस,” मी म्हटलं.

उत्तररंग लागला. आख्यान चढत गेलं, ऊन देवळाच्या पायरीवरून आत आलं, बायकांनी गुलालाच्या मुठी भरल्या. जन्माच्या आधीचं शेवटचं पद. वर जाणारं. हृषी वर गेला, आणि सरकायला लागला.

मी पेटीवरचा हात उचलला.

ठरवून उचलला. एक ओळ. एक ओळ त्याची त्याने म्हणावी आणि आबांनी ऐकावी, एवढंच माझ्या मनात होतं. पेटी थांबली आणि हृषीचा आवाज एकटा उघडा पडला. पायरी चुकलेल्या माणसासारखा खाली खाली घसरत गेला. तबलजींनी दचकून माझ्याकडे बघितलं. पुढच्या रांगेतली एक बाई कपाळाला आठी घालून इकडे तिकडे बघायला लागली. आबांचे मिटलेले डोळे उघडले. मान वाकडी झाली, ऐकायला.

अजून अर्धी ओळ पुरली असती.

पण समोर पाळण्यावरचं वस्त्र सारलं जात होतं. पुजाऱ्याचा हात घंटेकडे गेला होता. लहान मुलं आईच्या खांद्यावर बसून जन्म बघायला टपली होती. देव यायची वेळ आणि देवळात बेसूर आवाज घसरतोय. मला नाही सोसलं. हृषीसाठी नाही, आबांसाठीही नाही. मी हात खाली आणला, काळी एक धरली, भाता पूर्ण उघडला आणि त्याला खालून उचलून वर नेलं.

घंटा झाली. गुलाल उडाला. देव जन्मला, सुरात जन्मला.

आरतीनंतर लोक हृषीभोवती जमले. मी सुंठवड्याचा प्रसाद हातात घेऊन पेटीपाशीच बसून होते. पट्ट्यांवर गुलाल बसला होता. पदराने पुसत होते. आबा काठी टेकत माझ्यापाशी आले, शेजारच्या खांबाला टेकले.

“कुमुद,” ते म्हणाले, “जन्माच्या वेळी तुझा हात चुकला. पेटी थांबली आणि पोराचा सूर हलला.”

मी पुढची पट्टी पुसली.

“त्याने सावरून घेतलं म्हणून बरं. त्याचं ऐकत जा जरा. नुसता हात असून भागत नाही, कान लागतो.”

“हो, आबा,” मी म्हटलं.

बाहेर हृषीने गाडी सुरू केली. आवाज देवळाच्या दारातून आत आला, खाली बसलेला, भरलेला, कुठेही न फाटणारा. आबांनी डोळे मिटले आणि मान डोलावली.